चारही प्लग काळे

"विश्वास बसायचा नाही कुणाचा, पण ऐका," असं म्हणून मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला की गॅरेजात आलेली माणसं चहाचा कप घेऊन बूड टेकायची. मग कधी एखाद्या जीपचा धूर हुंगून त्याने ड्रायव्हरचं सकाळी बायकोशी भांडण झाल्याचं ओळखलेलं असायचं, तर कधी हट्टाला पेटलेला ट्रक त्याच्या नुसत्या खाकरण्याने सुरू झालेला असायचा. लोक त्याला थापेमिस्त्री म्हणत, तेही तोंडावर. "थापेत निम्मं तरी खरं असतं," तो म्हणायचा, "खऱ्यात तेवढंही नसतं." पण गाडीच्या बिघाडाबद्दल त्याने गिऱ्हाइकाला कधी थाप मारली नव्हती. तिथे त्याची जीभ सरळ चालायची.

त्या दुपारी टोचन लावून घड्याळजींची गाडी दारात आली, तेव्हा त्याच्या तोंडून अर्धी गोष्ट तशीच सांडली. घड्याळजी म्हणजे कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे, त्याचे जुने दोस्त. त्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता. गाडी तेव्हापासून दवाखान्याच्या आवारात उभी होती. टोचनवाल्याच्या शेजारून त्यांची बायको खाली उतरली, तशी चहावाली मंडळी एकेक करून सटकली.

मिस्त्रीने मोडक्या गाडीतून काढलेली एक सीट बाहीने पुसली. "बसा, वहिनी."

"भावजी, मला ही दुरुस्त करून नकोय," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी हिला काय झालं होतं, तेवढं बघून सांगा."

"काय करत होती?"

"ह्यांना मागच्या सीटवर आडवं केलं आणि निघाले. सपाटीला आचके देत का होईना, चालली. चढ लागला आणि जीवच गेला हिचा. फटफट करायची, मागे काळा धूर. जितकं दाबावं तितकी मरगळायची. दुधाचे कॅन लावलेला सायकलवाला मला मागे टाकून गेला, भावजी."

"आणि घड्याळजी?"

"बोलवत नव्हतं त्यांना. मागून सारखं पुढे बोट दाखवायचे. मी म्हणायची, हो हो, जाते लवकर, आणि आणखी दाबायची." त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. "डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर. थोरला म्हणतो, आई, तू चुकीच्या गिअरमध्ये चालवलीस. रागाने नाही म्हणाला, पण म्हणाला. मला एवढंच कळू दे. गाडी चुकली की मी?"

मिस्त्रीने बॉनेट उघडून काठीवर टेकवलं. गाडी चालू केली. ती थरथरली, आचके देऊ लागली, आणि वेग वाढवताच घुसमटून बंद पडली. त्याने प्लग काढून फडताळावर ओळीने मांडले. चारही काळे, तव्याच्या बुडासारखे.

एखादा काळा असता तर गोष्ट वेगळी होती. तेवढ्याच नळकांड्यात ठिणगी पडत नाही, वायर बघा, प्लग बदला, संपलं. चारही काळे म्हणजे इंजिनाला पेट्रोल पोटभर मिळतंय आणि श्वास मिळत नाही. अशा वेळी मिस्त्रीचा हात आपोआप एअर क्लीनरकडे जातो. त्या दिवशी गेला नाही.

कारण त्याला आठवलं होतं. काही वर्षांपूर्वी याच गाडीच्या एअर क्लीनरमध्ये उंदरांनी बाळंतपण उरकलं होतं. तेव्हापासून घड्याळजी रोज संध्याकाळी त्याच्या हवा आत घ्यायच्या नळीत फडक्याचा बोळा कोंबत आणि सकाळी गाडी काढण्याआधी उपसत. "म्हातारीच्या नाकात बोळे कसले घालता?" मिस्त्री चिडवायचा. "एक दिवस विसराल." घड्याळजी भिंगातून वर बघून म्हणायचे, "घड्याळाला किल्ली द्यायला विसरलोय का कधी?" आणि खरंच विसरले नव्हते. चालवायचे ते एकटेच. वहिनींना चालवता यायची, पण वेळच आली नव्हती.

मिस्त्रीने वायरी तपासल्या. धडधाकट. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून उन्हात फिरवलं, तडा नव्हता. पॉइंट घासून साफ केलेले, नीट. पेट्रोलचा पाइप सोडून पाहिला, धार जोरात आली. चोकची झडप मोकळी होती. आयुष्यभर बिघाड नसावा म्हणून गिऱ्हाइकं त्याच्यापुढे हात जोडत आली होती. आज तो, कोणताही असो, एखादा बिघाड सापडावा म्हणून मनातल्या मनात गयावया करत होता. म्हातारी मेली एवढी ठणठणीत कशाला राहिली, असं त्याला झालं.

शेवटी बॉनेटच्या आडोशाला वाकून त्याने नळीत दोन बोटं घातली. पार वळणापर्यंत ओढला जाऊन बसला होता बोळा. जितकं दाबलं, तितका आत. त्याने तो अलगद ओढून काढला. घड्याळजींच्या जुन्या पट्ट्यांच्या शर्टाची बाही होती ती, बटणासकट. मागच्या सीटवरून पुढे दाखवलेलं बोट कशाकडे होतं, ते त्याला आता कळलं. मग बाही खिशात गेली, प्लग पुसून जागेवर गेले, आणि फडताळावरची एक कॉइल उगाचच जुनीच्या जागी बसली.

"विश्वास बसायचा नाही तुमचा, वहिनी," तो हात पुसत म्हणाला. "कॉइल. ही अशी लबाड असते की गार असताना शहाण्यासारखी वागते आणि तापली की संप करते. आगाऊ कळत नाही. मी स्वतः चालवत असतो ना, तरी त्या चढाला हात टेकले असते. गिअरचा काही संबंध नाही, सांगा थोरल्याला. मागे एकदा एका मंत्र्याची गाडी अशीच कॉइलने लग्नात..."

"चालू करून दाखवा."

त्याने चालू केली. शिवणयंत्रासारखी चालू लागली. वेग वाढवला, तसा इंजिनाचा आवाज एका दमात चढत गेला. धूर नाही, आचका नाही.

वहिनी उठून बॉनेटपाशी आल्या. बराच वेळ आवाज ऐकत राहिल्या.

"ह्यांच्या हातात अशीच चालायची," त्या म्हणाल्या.

"कॉइल नवी आहे ना," मिस्त्री म्हणाला. त्याचा हात खिशावर होता.

"रोज सकाळी हे गाडीपाशी जायचे आणि फडकं घेऊन आत यायचे. दाराशी खिळा आहे, त्याला अडकवायचे. संध्याकाळी तिथूनच घेऊन जायचे. मी कितीदा ओरडले असेन, ती कळकट चिंधी घरात नको म्हणून." त्यांनी दाराकडे जाऊन खिडकीतून हात घातला आणि स्वतःच किल्ली फिरवून गाडी बंद केली. गॅरेज एकदम शांत झालं.

"थाप मारताय, भावजी. तो खिळा त्या दिवसापासून रिकामा आहे."