माळढोक मला भीत नसे

मी एक जुनी काळी घोंगडी आहे. सोलापुरात फोटोग्राफर रेवणप्पांच्या घरी, त्यांच्या अंधारखोलीच्या दारावर मी टांगलेली असते. फटीतून उजेड आत जाऊ द्यायचा नाही, एवढंच आता माझं काम. कसरीनं माझी एक कड खाऊन टाकली आहे. ती खात होती तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मित्रांनो, मी पहिल्यापासून अशी नव्हते. कशी झाले ते सांगते.

माझा जन्म करमाळ्याकडच्या माळावरचा. धुळा नावाच्या धनगराच्या कळपात काळी कोकरं होती. त्यांची पहिली लोकर, म्हणजे जावळ, कातरली गेली आणि धुळाची बायको गोजाबाई हिनं ती पिंजून तिचं सूत काढलं. गावच्या सनगरानं मला मागावर विणलं. मग चिंचोक्याची खळ देऊन त्यानं मला इतकं ताठ केलं की मी घरी आले तेव्हा भिंतीला टेकून उभी राहिले.

गोजाबाई मला बोटानं टोचून म्हणाली, "घोंगडी हाय का दार हाय हे?"

"पावसात कळंल," धुळा म्हणाला.

पावसात कळलंच. धुळा माझी खोळ करून डोक्यावर घेई आणि काठीवर हनुवटी टेकून उभा राही. बाहेर सरींवर सरी येत, पण आत त्याची पाठ कोरडी असे. तेव्हा मी स्वतःला फार मोठी समजत असे. धुळाला ऊब मीच देते, असं मला वाटे. खरं तर लोकर ऊब तयार करत नाही, अंगात असलेली फक्त राखते. हे मला पुढं कळलं, आणि नको तशा रीतीनं कळलं.

आमच्या माळावर माळढोक होते. कोकरापेक्षा उंच, लांब पांढऱ्या मानेचा, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा दिसणारा हा पक्षी. स्वभावानं मोठा संशयी. कुणी धोतर-कोट घातलेला माणूस लांब बांधावर दिसला तरी तो चालता होई. पण धुळा आणि मी कळपाबरोबर गेलो, तर नुसती मान वर करून बघे आणि पुन्हा टोळ टिपू लागे. त्याच्या लेखी आम्ही मेंढरांतलेच. गावात कुणी आम्हाला विचारत नसे, पण माळढोक आम्हाला ओळखत, याचा मला भारी ताठा होता.

सन एकोणीसशे तीसच्या आगेमागे रेवणप्पा आमच्याकडे आले. जेऊर स्टेशनावर उतरून बैलगाडीनं आले. बरोबर कॅमेऱ्याची लाकडी पेटी, लांब किरमिजी पिशवीत गुंडाळलेली, कॅमेरा उभा करायची तीन पायांची तिवई, आणि बायकोच्या जुन्या इरकली लुगड्यात बांधलेल्या काचा. त्या वेळी फोटो काचेवर निघत. गाडीला दचका बसला की रेवणप्पा आधी त्या गाठोड्याला हात लावत आणि मग स्वतःच्या कमरेला.

ते कुणाचे नोकर नव्हते. लग्नसराईत लग्नाचे फोटो काढायचे, एरवी गिरणीतल्या लोकांच्या बायकापोरांचे, आणि कुणी गेलं तर त्याला खुर्चीत बसवून शेवटचा. त्यातून वेळ उरला की माळावर पळायचं, पाखरांचे फोटो काढायचे आणि त्यांच्यावर मासिकांत लेख लिहायचे. त्यांच्या भाऊबंदांची कापडाची दुकानं होती आणि ते सगळे यांना नाकं मुरडत. रेवणप्पा त्यांच्याबद्दल काही बोलत नसत. भाकरी खाताना एकदाच धुळाला म्हणाले, "लग्नात नवरा हलतो, नवरी हलते, सासरा तर कॅमेऱ्यापुढनं चालतच जातो. पाखरू बरं की. बसलं तर बसतं."

माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. धुळाला अशी एक बसलेली मादी ठाऊक होती. ती अंड्यावर असतानाचा फोटो रेवणप्पांना आपल्या पाखरांवरच्या नव्या पुस्तकासाठी हवा होता. पहिल्या दिवशी त्यांनी कॅमेरा लावला आणि डोक्यावर काळं मखमली फडकं घेतलं. वारा सुटला, फडकं फडफडलं आणि मादीनं मान ताठ केली. रेवणप्पांनी ताबडतोब सगळं आवरलं.

"ती उठली तर अंडं उन्हात भाजंल," ते म्हणाले. "फोटो नको, चल."

परत येताना धुळानं मला खांद्यावरून काढून त्यांच्या हातात दिलं. "आप्पा, ही घ्या. हिला ती वळकती."

मग आमचं काम सुरू झालं. धुळा तिवईवर मला पांघरे आणि मेंढरं भोवती चरायला सोडी. लांबून बघणाऱ्याला वाटे, धनगर उकिडवा बसला आहे. रोज तिवई थोडी पुढं सरकवायची. मादीनं मान वर केली की थांबायचं, खाली घातली की पुढं. असं करत अगदी जवळ गेल्यावर एका सकाळी रेवणप्पा माझ्याखाली शिरले.

तेव्हा मी पहिल्यांदा ते पाहिलं. कॅमेऱ्याच्या मागं दुधी काच असते, तिच्यावर समोरचं सगळं उलटं उमटतं. आभाळ खाली, गवत वर, आणि त्या गवतातून ती मादी उलटी लटकलेली. माझी एक बाजू उन्हात तापत होती आणि दुसरी बाजू त्या काचेकडे बघत होती. आपण रोज ज्या माळावर वावरतो तो इतका देखणा आहे हे मला उलटा दिसल्यावर समजलं. माझ्याखाली रेवणप्पा श्वास धरून होते. त्यांनी काच घातली, फोटो घेतला आणि तरी कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. मादी अंड्यावरून हलली नाही. त्या वर्षी पिल्लू निघालं आणि आईच्या मागं चालत गेलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात याहून चांगला दिवस आला नाही.

पुढचे दोन पावसाळे रेवणप्पा येत राहिले. मला मात्र ते कधी शहरात नेत नसत. औषधांचा वास लागेल, मग पाखरू बिचकेल, असं त्यांचं आणि धुळाचं ठरलं होतं. मी धुळाच्या घरीच राही, मेंढरांच्या वासात.

मग पुस्तक निघालं. ते घेऊन रेवणप्पा मुद्दाम आले. मादीचा फोटो सुरुवातीलाच होता. त्यांनी पुढचं एक पान उघडून धुळाचं बोट धरलं आणि एका ओळीवर टेकवलं.

"हे तुझं नाव. खाली गावाचं नाव. फोटो कसा काढला ते सगळं लिहिलंय. घोंगडीचं पण लिहिलंय. दुसऱ्याच्या मेहनतीवर आपलं नाव लावायचं मला जमत न्हाय."

धुळाला वाचता येत नव्हतं. त्यानं त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "म्हंजे हे सोलापुरात बी वाचत्यात?"

"सोलापुरात, पुण्यात, सगळीकडं."

गोजाबाईनं ते पुस्तक फडक्यात बांधून देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवलं. कुणी आलं की धुळा ते खाली काढी, आपलं नाव दाखवी आणि हात पुसून परत ठेवी. गोजाबाई थट्टा करी, "मेंढरांस्नी बी वाचून दावा की." पण कौतुक तिलाही होतं.

पुढच्या हंगामात मोटारीतून दोन पाहुणे आले. लांबच्या शहरातले होते. त्यांच्या हातात तेच पुस्तक होतं.

"धुळा तूच का?" एकानं विचारलं.

धुळाचा चेहरा फुलला. "व्हय, मीच. आप्पांचं पावनं का तुमी?"

"आम्ही त्यांचं पुस्तक वाचून आलोय," पाहुणा म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. "तो पक्षी यंदा आहे का?"

"हाय की. अंड्यावर बसलीया."

गोजाबाईनं त्यांना ताक दिलं. त्यांच्याजवळ एक लांब चामडी पिशवी होती. रेवणप्पांची तिवईही लांब पिशवीतच असे, म्हणून धुळाला वाटलं की ही तिवई. पाहुण्यांना ओझं कशाला, म्हणून ती त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतली. मी दुसऱ्या खांद्यावर होते. माळावर जाताना तो त्यांना सांगत होता, कॅमेरा कुठं लावायचा, वारा कुठून असतो, मान वर केली की कसं थांबायचं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. तसंही पुस्तकात ते होतंच.

कळपाशी पोचल्यावर एका पाहुण्यानं मला डोक्यावरून घेतलं आणि पिशवीचे बंद सोडले. धुळा तेव्हा मेंढरं वळवायला पुढं गेला होता. मादीनं मान वर केली. तिनं मला पाहिलं आणि मान खाली घातली. माझ्यापुढं दुधी काच नव्हती, त्यामुळं इतक्या जवळून मी तिला पहिल्यांदाच सरळ पाहत होते. डोळा पिवळसर होता. मग माझ्या आतून बंदुकीचा आवाज झाला.

मेंढरं उधळली. धुळा धावत आला आणि थांबला. पाहुणे खूश होते. त्यांनी पाय धरून तिचं वजन अजमावलं. धुळालाही थोडं मांस देऊ केलं. त्यानं नको म्हणून मान हलवली.

मोटार गेल्यावर त्यानं अंडं उचललं आणि मला चार घड्या घालून मध्ये ठेवलं. छातीशी धरून तो घरी पळत निघाला. अंडं अजून कोमट होतं. माझ्या हातात काही असेल तर ते एवढंच होतं. मी जावळाची घोंगडी, पावसात माणूस कोरडा ठेवलेली. मी जमेल तेवढी घट्ट बसले. गोजाबाईनं शेजारणीची खुडूक, म्हणजे उबवणीला आलेली, कोंबडी मागून आणली, पण एवढं मोठं अंडं पाहून कोंबडी टोपलीतून उतरून गेली. मग गोजाबाईनं ते माझ्यासकट पोटाशी बांधलं आणि तशीच कामं केली. रात्री झोपताना काढून बाजूला ठेवावंच लागलं. सकाळपर्यंत मी होते तशीच होते आणि आतलं अंडं गार पडलं होतं. धुळानं ते माळावर नेऊन पुरलं. त्या दिवसापासून मला ऊन आणि सावली सारखीच लागते.

ते पाहुणे इतरांशी बोलले असणार. त्या हिवाळ्यात आणखी मोटारी आल्या. धुळा कुणाबरोबर गेला नाही, पण आता त्याची कुणाला गरज नव्हती. त्यांनी बाजारातून घोंगड्या घेतल्या होत्या.

उन्हाळा लागताना धुळा मला आणि पुस्तकाला घेऊन सोलापूरला आला. आगगाडीत तो उभाच होता. रेवणप्पा खिडकीशी बसून एका नवऱ्या मुलाच्या फोटोवरचे डाग बारीक कुंचल्यानं काढत होते. धुळा दिसताच ते उठले.

"चंद्रव्वा, धुळबा आलाय. पाणी आण," त्यांनी बायकोला हाक मारली.

धुळानं पाणी घेतलं नाही. पुस्तक पुढं ठेवलं. "आप्पा, ह्यातलं माजं नाव काडा."

मग त्यानं सगळं सांगितलं. पिशवी आपणच वाहून नेली हेही सांगितलं. रेवणप्पा ऐकत राहिले. त्यांच्या हातातला कुंचला वाळून गेला.

"तुझं काय चुकलं? लिहिलं मी," ते म्हणाले.

"लिवलं तुमी. पर ते माजं नाव इचारत आले."

रेवणप्पांनी दौत घेतली, ती ओळ शोधली आणि धुळाच्या नावावर, गावाच्या नावावर शाई फिरवली.

"आता न्हाय?" धुळानं विचारलं.

"न्हाय."

त्या एका प्रतीत नव्हतं, एवढंच. बाकीच्या प्रती घरोघर होत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं. चंद्रव्वा दारातून म्हणाली, "जेवून जावा की ओ." धुळा जेवला. निघताना रेवणप्पांनी मला त्याच्या पुढं केलं, पण त्यानं हात मागं घेतले.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. आता पाखरं मला बी बघून उडत्यात, आप्पा. मी कोण हाय, त्यांस्नी कसं कळावं?"

तो गेल्यावर रेवणप्पा दारात उभे राहिले. नंतर त्यांनी मला अंधारखोलीच्या दारावर लावलं. तेव्हापासून ते माळावर गेलेले नाहीत. मासिकांकडून लेखाची विचारणा होते आणि ते लिहीत नाहीत. लग्नाचे फोटो चांगले काढतात. कधीतरी लाल दिव्यापुढं ती जुनी काच धरतात. तिच्यात मादी काळ्याची पांढरी आणि पांढऱ्याची काळी दिसते. जरा वेळ बघून ते तिला परत डब्यात ठेवतात. पुढच्या खेपेला पुस्तक छापायचं झालं तर ते पान घालायचं नाही, एवढं त्यांनी चंद्रव्वाला सांगून ठेवलं आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. मीही मागते. जो जीव तुम्हाला भीत नाही, त्याचा पत्ता कुणाला देऊ नका. कितीही कौतुक वाटलं तरी देऊ नका. आणि पुढं कधी मी तुमच्या हाती आले, तर मला झटका, उन्हात टाका, थंडीत कुणाच्याही अंगावर घाला, नाहीतर दारापुढं पायपुसणं करा. माझी तक्रार नाही. फक्त मला माळावर नेऊ नका. एखादी मादी अजून तिथं बसलेली असेल, आणि तिला मी ओळखीची वाटेन.