शेवाळाला पाणी

"तुमच्या गल्लीची हवा तर एकदम छान निघाली की," ऑफिसातल्या मॅडम शेवाळरावांना म्हणाल्या. "ट्रकबंदी बाजाराच्या रस्त्याला. तुमच्याकडचे आहेत तसेच चालू राहणार."

ऑफिसात सगळे त्यांना शेवाळरावच म्हणत, आणि तेही ओ देत. शेवाळ धुऊन वाळवायचं, जाळीच्या पिशव्यांत भरायचं, शहरभर खांबांना टांगायचं आणि दोन महिन्यांनी उतरवून आणायचं, हेच त्यांचं काम. हवेतली घाण शेवाळ धरून ठेवतं, मग प्रयोगशाळेतलं मशीन ती मोजतं. या खेपेला एक पिशवी त्यांच्याच गॅलरीत लागली होती, कारण खालून दिवसभर ट्रक जात. घरात बायकोचा दमा. डॉक्टर म्हणाले होते, यांना धुरातून बाहेर काढा. घर बदलायची ऐपत कुठली? हवा वाईट निघाली की ट्रक बंद होतील, एवढ्याच आशेवर माणूस दिवस ढकलत होता.

"मशीन चुकलं असेल," ते म्हणाले.

"बाकीच्यांचं बरोबर आणि तुमचंच चुकीचं?"

घरी आले तर बायको गॅलरीतल्या रिकाम्या खिळ्याकडे बघत बसलेली.

"अजून परत नाही आणलंत होय बिचाऱ्याला? तुम्ही कामावर गेलात की रोज मगभर पाणी घालायचे हो. काळंठिक्कर पडायचं नुसतं. म्हटलं, माझ्यासारखंच तेही गुदमरतंय."

म्हणजे शेवाळानं धरलेली घाण रोज धुऊन जात होती. पिशवीतलं शेवाळ मेलेलं असतं, मारूनच भरतात, हे इतक्या वर्षांत बायकोला सांगायचं सुचलंच नव्हतं. आणि सुचणार तरी कसं? ऑफिसातलं शेवाळ घरी कोण काढतं!

"काय आलं आपल्या गल्लीचं?" तिनं विचारलं.

"वाईट. सगळ्यात वाईट."

"मग आता ट्रक बंद ना?"

"नाही गं. आपलं ऐकतंय कोण."

"मेल्यांनी नाकात बोळे घातलेत की काय?" ती म्हणाली, आणि तेवढ्यानंच तिला ढास लागली. ते बराच वेळ तिची पाठ चोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सांगितलं, "तो नमुना धुतला गेला होता. चूक माझी."

मॅडमना मनापासून वाईट वाटलं. "पण वर निर्णय झाला हो. आता पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी. पलंगावरून गॅलरीत यायला बायकोला हल्ली दोनदा थांबावं लागत होतं.

निघताना त्यांनी एक जादा पिशवी मागून घेतली. नंबर नसलेली, कुणाच्याच कामाची नसलेली. घरी येऊन ती खिळ्याला अडकवली.

"पुन्हा मोजणार?" बायकोचा चेहरा उजळला.

"हो."

"मग या वेळी नीट जपते. मागच्या खेपेला पाणीच कमी पडलं."

ती मगभर पाणी घेऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. हात वर होईना. त्यांनी मगाला खालून हात लावला, आणि दोघांनी मिळून शेवाळाला पाणी घातलं.