चैत्रात पंखा बंद

"चैत्र म्हणजे काय, ते माझ्या घामोळ्यांना विचारा," हे माझ्या कानाशी पुटपुटले. आम्ही दोघं गौरीसमोर सतरंजीवर बसलो होतो आणि डोक्यावरचा पंखा बंद होता.

चैत्रात आमच्या गल्लीत कुणी पंखा लावत नाही. सासरी गेलेल्या मुली या महिन्यात हमिंगबर्ड होऊन माहेरी येतात. फलटणला असे पक्षी नसतात, असं एक पक्षिमित्र येऊन सांगून गेले. बरोबरच आहे त्यांचं. ते पक्षी नाहीतच, मुली आहेत.

रीत सोपी आहे. गौर बसते त्या सकाळी मुलगी सासरी देवाला नमस्कार करते आणि तिथल्या तिथे अंगठ्याएवढी होते. सासरच्यांनी दोनच गोष्टी करायच्या. पंखा बंद करायचा आणि खिडकी उघडायची. पुढचं तिचं ती बघते. मागे एकदा गल्लीच्या टोकाच्या घरात पंखा चालू राहिला होता. त्या घरी आता गौर बसवत नाहीत.

आमची शरू धारवाडला दिली आहे. तिथून ती वर उत्तरेकडे येते. बेळगाव, निपाणी, कराड. वाटेवरचे नातेवाईक दारात जास्वंदीची कुंडी ठेवतात आणि दिसली की फोन करतात. मागच्या चैत्रात आली तेव्हा शेपटीची पिसं अर्धीच होती. "झडतात," वन्सं म्हणाल्या. आम्हीही तेच म्हणालो. अक्षय्यतृतीयेला परत निघायचं, तर ती पडद्याच्या दांडीवरून उतरेना. ह्यांनी हातरुमालात धरून तिला खिडकीबाहेर सोडलं. काचेवर थोडा वेळ टकटक आली, मग थांबली.

यंदा बेळगावहून फोन आला नाही. मीच मावशींना केला.

"दिसली का?"

पलीकडे नुसती खरखर. मग मावशी म्हणाल्या, "दिसली की! चांगली गुटगुटीत आहे."

निपाणीहून वन्संचा आला. "आली हो वहिनी. थांबली नाही मात्र. तुमच्यासारखीच घाई."

मग ती कराडला दिसली. साताऱ्याला दिसली. आदर्कीच्या घाटात कुणाला एसटीच्या खिडकीतून दिसली. मी पन्ह्यात गूळ वाढवला. हळदीकुंकवाच्या दिवशी समोरच्या निमकरवहिनी फाटकातूनच ओरडल्या, "अहो, तुमच्या कौलांवर बसलीय की शरू!"

मी शिडी लावून पाहिलं. कौलं होती.

संध्याकाळी बायका आल्या, आपापल्या मुली खांद्यावर घेऊन. खोली छोटी, त्यात आणखी आणखी येत राहिल्या. गुडघ्याला गुडघा लागला. गौरीच्या पाळण्याशेजारी मी शरूची वाटी ठेवली होती, पन्ह्याने काठोकाठ भरलेली.

"शरू कुठाय?" एकीने विचारलं.

"ही काय, पाळण्यावर," निमकरवहिनी म्हणाल्या.

सगळ्यांनी पाळण्याकडे पाहिलं. तिथे गौर होती.

"बारीक झालीय गं."

"रंग उजळलाय पण."

"हो ना, खातच नाही काही," मी म्हणाले.

निमकरवहिनींची ऋता भुर्रकन शरूच्या वाटीशी गेली आणि तिने चोच खाली केली. वहिनींनी तिला हाताने हाकललं. "ताईचं आहे ते. तिला पिऊ दे आधी." मग सगळ्याजणी वाटीकडे बघत राहिल्या. ती कमी होण्याची वाट बघत होत्या. मीही बघत होते. ओटीसाठी भिजवलेले हरभरे ताटात तसेच राहिले.

हे एरवी हळदीकुंकवाच्या वेळी बाहेर जातात. आज दाराशीच उभे होते, बटणांच्या फळीला टेकून. पाठीवर सदरा चिकटला होता.

"अहो, तुम्ही जा ना पारावर," मी म्हणाले.

ह्यांनी फळीकडे तोंड केलं. बोट नेमकं बटणावर गेलं.

कुणी किंचाळलं नाही. बायकांनी पटापट आपापल्या मुली ओंजळीत झाकून घेतल्या. एवढ्या जणींत माझेच हात मोकळे होते. पात्यांवरची धूळ खाली आली, मग वारा आला. वाटीतल्या पन्ह्यावर बारीक लाटा उठल्या.

"धारवाडला त्यांच्याकडे पंखा बंदच करत नाहीत," हे म्हणाले. "लग्नाच्या बोलणीला गेलो होतो ना, चैत्रच होता. त्यांची थोरली सून देवापुढे उभी होती आणि पंखा चालू होता. मी पाहिलं होतं. छान वारा येत होता."