मालकाचं कपाट

किल्लीच्या दातांत पांढरं काहीतरी अडकलं होतं—मेण, चुना, की आणखी काही... तिनं ती दिव्याखाली धरली, सवयीनं भिंगातून पाहिली, तरी उलगडा होईना. जन्मभर लोकांचे डोळे तपासायचे आणि स्वतःच्या किल्लीला काय चिकटलंय ते कळू नये, कमाल आहे! संध्याकाळपर्यंत नर्सबाईंना कळवायचं होतं. तळ्याकाठचं सुट्टीचं घर त्यांना तीन वर्षांसाठी हवं होतं, म्हाताऱ्या आईसह राहायला. अट एकच, आतल्या खोलीतलं कुलूपबंद कपाट रिकामं करून मिळावं.

ते कपाट ह्यांचं. म्हणजे दोघांचंच, पण कुलूप ह्यांनी लावलेलं. घर आठवड्याआठवड्यानं पाहुण्यांना द्यायचं ठरलं तेव्हा, ती पडदे अडकवत असताना, ह्यांनी काय काय आत कोंबलं आणि किल्ली तिच्या हातात देत म्हणाले, "मालकाचं एक कपाट असायलाच हवं, नाहीतर आपल्याच घरात आपण पाहुणे." ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. पाहुणे येत राहिले, आणि एक गेले-दुसरे यायचे त्या मधल्या दिवशी चादरी बदलायच्या निमित्तानं तीही जात राहिली—चादरी अर्ध्या तासात होतात, उरलेली दुपार ती कपाटासमोर पलंगावर बसून काढते. उघडलं मात्र एकदाही नाही.

"देऊन टाक ना गं आई त्यांना," काल लेक म्हणाली. "दर वेळी उशांचे अभ्रे धूत बसतेस."

खरंच होतं ते. पण दिलं, तर त्या खोलीत पाय ठेवायला नर्सबाईंची परवानगी... आणि नाही दिलं, तर पुन्हा नवी माणसं, नळ ठिबकत ठेवून जाणारी, टेबलावर ओले पेले ठेवणारी, ज्यांना ह्या घराचं काही म्हणजे काही नाही. मला नक्की हवंय तरी काय? कुणी विचारलं तर मी काय सांगू?

दवाखान्याच्या दाराशी घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा उभे होते. नव्या चष्म्यातून नीट दिसत नाही म्हणून तिसऱ्यांदा आलेले. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, काचा बदलायला सुरुवात केली.

"ही बरी, की ही?"

"पहिली... नाही, दुसरी."

"आजोबा, नेमकं काय दिसतंय ते सांगा बरं."

आजोबा ओशाळले. "खरं सांगू का बाई? दोन्ही सारख्याच दिसतात. तुमचा आवाज जिथं जरा खाली येतो ना, ती बरी असणार असं धरून चालतो. रागावू नका हं."

तिला राग आला नाही. हातातली काच तिनं खाली ठेवली. इतक्या वर्षांत किती जणांना आपण आपल्याच आवाजाचे चष्मे दिले? आणि लेक... काल लेकीसमोर दोन्ही पर्याय मांडताना आवाज कुठे खाली आला होता?

"सारख्या दिसल्या तर सारख्या म्हणायचं," ती कशीबशी म्हणाली. "तेही उत्तरच असतं."

नव्यानं नंबर काढून घेऊन आजोबा गेले. समोरच्या तक्त्यावरच्या अक्षरांकडे बघत ती मोठ्यानं म्हणाली, "आठवड्याआठवड्यानं." थांबून कान दिला. मग, "तीन वर्षांसाठी." दोन्ही सारखेच. मग नकळत तोंडून निघालं, "आत काय आहे, मला माहीत नाही..." आणि आवाज थेट तळाला गेला.

तिनं नखानं किल्ली खरवडली, बोट नाकाशी नेलं. साबण. कुलूप अडू नये म्हणून किल्लीला साबण चोळायची ह्यांची जुनी खोड. म्हणजे कुलूप लावतानाच, ते आपल्याला सहज उघडता यावं ह्याची सोय हे करून गेले होते, आणि आपण मात्र दोन वर्षं त्याची राखण करत बसलो—

फोन वाजू लागला. नर्सबाईच असणार. त्यांना काय सांगायचं ते अजूनही कळत नव्हतं. तिला कपाट उघडायची भीती वाटत होती, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच ती भीती तिला स्वच्छ दिसत होती.