धोंड्याचं वाण

जावई म्हणजे दहावा ग्रह. त्यातून अधिक महिना, म्हणजे आमच्याकडचा धोंड्याचा महिना असला, की हा ग्रह थेट देवाच्या पाटावर येऊन बसतो. त्याला पुरणाचे धोंडे करून वाढायचे, दिवा लावून ताटभर वाण द्यायचं, तो रुसला तर मागेल ते आणून द्यायचं, आणि त्याच्या हाताला काम म्हणून लावायचं नाही. संयोगिताच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. ती आणि सम्राट पुण्याहून एसटीनं आले, आणि आमच्या ह्यांनी लगेच जाहीर केलं, "वाण उद्या. आज पावण्यास्नी समुद्र दाखवायचा."

"मामा, मी चालवतो की गाडी," सम्राट आमच्या पेठेतल्या दारातच म्हणाला.

"धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या हातात स्टेरिंग दिऊ? पेठंत तोंड दाखवायचं न्हाई व्हय मला? बसा पावणं, फुडं बसा."

ह्यांनी तीस वर्षं स्वतःच्या टेम्पोतनं कोकणात गूळ पोचवला. गगनबावड्याचा घाट मला झोपेत विचारा, असं म्हणायचे, आणि ते खरंही होतं. म्हणून मी निवांत मागं बसले. गल्लीतून बाहेर पडताना डावीकडचा आरसा रिक्षाला घासला. "रिक्षावालाच आडवा आला," हे म्हणाले. रिक्षा उभी होती, आत माणूससुद्धा नव्हता. पण नव्या जावयापुढं नवऱ्याला खोटं कुठं पाडायचं, म्हणून मी तोंड मिटलं.

जाताना ऊन होतं. घाट उतरलो, वैभववाडी मागं पडली आणि जेवायच्या वेळेला देवगडला पोचलो. समुद्राकाठी येऊन आम्ही खाल्ली ती वांग्याची भाजी, कारण धोंड्याच्या महिन्यात ह्यांना मासळीचा वाससुद्धा चालत नाही. शेजारच्या टेबलावरच्या सुरमईकडं सम्राट असा बघत होता, की मला हसू आवरेना.

जेवून दोघं पाण्याकडं गेली. मी ह्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून शहाळं पुढं केलं. हे घेईनात. मी हात हलवला, तरी हे समुद्राकडंच बघत होते.

"अवो!"

हे दचकले आणि मान पूर्ण वळवून माझ्याकडं बघितलं. ती रिक्षा आठवली. सकाळी उंबऱ्याला ठेचकाळले होते, तेही आठवलं.

"डाव्या डोळ्याला काय झालंय?"

ह्यांनी शहाळं माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाले, "काचबिंदू. डावा गेल्यात जमा हाय. उजव्याचंबी कडंचं कमी झालंय. डॉक्टर म्हणला गाडी सोडा."

"कधी म्हणला?"

"शिमग्याच्या आदी."

"आन आमाला घिऊन घाट उतरलासा?"

"उतरलो का न्हाई? घाट माझ्या हातात बसलाय, पूर्णिमा. पोरीला न्हाईतर जावयाला ह्यातलं कळलं, तर माझी तुझी गाठ हाय."

राग आला, कीवही आली. मी सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ज्या माणसानं आयुष्यभर चाकावर संसार ओढला, त्याला लेकीसमोर, नेसरी गावच्या नव्या जावयासमोर आंधळा कसं म्हणू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. मी एवढंच केलं, परतताना संयोगिताला पलीकडं सरकवून स्वतः डाव्या खिडकीशी बसले.

वैभववाडीपर्यंत ठीक होतं. घाट लागला आणि वरून ढग खाली उतरले. दुपारच होती, पण दहा पावलांपलीकडचं दिसेना. मी बोलायला सुरुवात केली.

"अगं बाई, केवढा कठडा हाय डावीकडं! आन हितं तर कठडाच मोडलाय बघ, नुसती दरी!"

ह्यांनी गाडी जराशी उजवीकडं घेतली.

"डावीकडं दगड पडल्यात. डावीकडं वानरं बसल्यात. पाटी आली हं डावीकडं, वळणाची."

"आई, किती बडबडतीयास," संयोगिता म्हणाली. "रेडिओ गिळलास का?"

मी काय सांगणार? मी डावीकडचं सांगतच राहिले. सम्राटनं एकदा मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा पुढं बघू लागला. त्याचा एक हात दाराच्या मुठीवर घट्ट होता.

एका वळणावर माझ्याकडच्या काचेवर वाफ धरली. पदरानं पुसायला घेतली, तेवढ्यात मला दिसलं. रस्त्याच्या कडेला मोटरसायकल उभी, तिच्यावर पोरगा, मागं पोरीच्या अंगावर लाल रेनकोट. आमची गाडी सरळ त्यांच्यावर निघाली होती.

"माणसं हायत! डावीकडं माणसं!"

ह्यांनी स्टेरिंग ओढलं, ब्रेक दाबला. गाडी आडवी होऊन थांबली. पोरगं तिथूनच ओरडलं, "ओ पावणं, डोळं घरात ठिवून आलासा व्हय?" आणि किक मारून निघून गेलं.

एरवी असं कुणी बोललं असतं, तर ह्यांनी खाली उतरून त्याच्या खानदानाचा उद्धार केला असता. आता हे नुसते स्टेरिंगवर हात ठेवून बसले होते. मग गाडी कडेला रुंद जागेत घेतली आणि बंद केली.

सम्राट दार उघडून उतरला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. हेही उतरले. पाठोपाठ आम्ही दोघी.

"मामा, मी रुसलोय."

"आँ?"

"धोंड्याचा म्हयना हाय, आन सासुरवाडीला आल्यापासनं वाणाचा पत्ता न्हाई. मला आत्ता पायजे. हितंच. त्याबिगर मी गाडीत बसत न्हाई."

पुण्यात राहून गुळगुळीत बोलणारा हा पोरगा एकदम नेसरीचा झाला. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्ता मरता मरता वाचलो आणि ह्याला वाण सुचतंय! लेक दिली ती अशाच्या घरात, असंच मनात आलं.

"अहो, काय चाललंय तुमचं?" संयोगिताचा आवाज रडवेला झाला होता.

"थांब गं," हे म्हणाले. आवाज पार खाली गेला होता. "बोला पावणं. अंगठी पायजे? घरी गेल्याबरुबर देतो."

"काय मागीन ते द्याल? शब्द?"

"शब्द."

सम्राटनं खिशातला रुमाल काढून दोन्ही तळहातांवर पसरला. "किल्ली द्या."

खालून कुठून तरी एसटीचा हॉर्न आला. ती वर येऊन आमच्या शेजारून गेली, तरी हे हलले नाहीत.

"हिनं सांगितलं व्हय तुला?"

"न्हाई. मामी जाताना घाटात गप हुत्या. येताना निसतं डावीकडचंच बोलत्यात. तवाच कळलं."

"जावयानं राबायचं आन सासऱ्यानं शेजारी बसायचं?"

"वाण दिल्यावर गाडी माझी. माझ्या गाडीत तुमी पावणं. पावण्याला आमीबी काम लावत न्हाई."

ह्यांनी मुठीतली किल्ली रुमालावर ठेवली. सोडताना बोटं थोडी अडकली. सम्राटनं किल्ली कपाळाला लावली आणि ओल्या रस्त्यावर वाकून ह्यांच्या पाया पडला. ज्याला मी मनातल्या मनात शिव्या घालत होते, त्याच्याकडं बघायची मला लाज वाटली.

वर येताना हे डाव्या सीटवर बसले. "आता उजवीकडं वळण, हॉर्न मार. आता सरळ हाय, पर दुसऱ्या गेअरवरच ऱ्हा." एकही वळण चुकलं नाही. गगनबावड्याला चहासाठी थांबलो, तेव्हा कुठं मी मोकळा श्वास घेतला. संयोगिता तोपर्यंत सगळं समजली होती. ती बापाचा हात धरून बसली आणि चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी धोंडे केले, वाण दिलं. सम्राटनं किल्ली गुपचूप दाराच्या खुंटीला अडकवली होती. ह्यांनी चाचपून ती काढली आणि वाणाच्या ताटात दिव्याशेजारी ठेवली.

"मामा, ते घाटातलं तेवढ्यापुरतं हुतं."

"दिल्यालं वाण परत घेत न्हाईत," हे म्हणाले. पुढं कुणी वाद घातला नाही.

दुपारी दोघं गाडी घेऊन पुण्याला निघाली. आम्ही दारात उभे. आमच्या गल्लीच्या तोंडाला गाडी डावीकडं वळते. हे समोर बघत होते आणि मला माहीत होतं, डावीकडं वळलेली गाडी ह्यांना दिसणार नाही.

"वळली का गं?"

"वळली."

"वळताना लाईट दावली का त्यानं?"

दाखवली नव्हती. मला रडू फुटलं होतं, तरी मी आवाज सरळ ठेवला.

"दावली की."

"मग चांगला चालवील," हे म्हणाले, आणि उंबऱ्याशी आल्यावर पहिल्यांदाच आपण होऊन माझा हात धरला.