हालचाल नोंदवही

“ही वेदश्री रोज तीन-तीनदा रेकॉर्ड रूममध्ये जाऊन कोणती फाईल शोधते, माणिकताई?”

निखाडे साहेबांनी हालचाल नोंदवही पुढे सरकवली. अकरा वाजता फाईल शोधणे, दीडला फाईल शोधणे, चारला फाईल शोधणे. बारा दिवस हेच. एवढ्या शोधात हरवलेला भाऊही सापडला असता, पण एकही फाईल साहेबांच्या टेबलावर आलेली नव्हती.

“प्रोबेशनवर आहे ना अजून? कारणे दाखवा नोटीस काढा. खोट्या नोंदी केल्या म्हणून. पाचच्या आत सहीला आणा.”

“बरं साहेब,” माणिकताई म्हणाल्या आणि केबिनच्या बाहेर आल्या.

तेहतीस वर्षांचा हा साहेब त्यांना मनातून दीड शहाणा वाटायचा. केबिनमध्ये एसी, कोपऱ्यात छोटा फ्रीज, फ्रीजमध्ये साहेबांच्या थंड पाण्याच्या चार बाटल्या. आणि बाहेर वर्धेच्या मे महिन्यात बारा माणसं एका कूलरपुढे, जो हवेपेक्षा आवाजच जास्त फेकत होता. पण माणिकताईंना नुसता साहेबच तुच्छ वाटायचा असं नाही. त्या बाबतीत त्या कुणावर अन्याय करत नसत. तासभर तंबाखू मळणारे बाबू, मोबाईलवर भाजीचा भाव विचारणाऱ्या बाया, सगळेच त्यांच्या हिशेबी कुचकामी. आणि त्यात ही वेदश्री! सहा महिने भरपगारी बाळंतपणाची रजा खाऊन आलेली, डोळे सुजलेले, कधी एका जागी बूड टेकेल तर शपथ.

खरं सांगायचं तर ती नोंदवही माणिकताईंचीच करणी होती. पंधरा दिवसांपूर्वी डाक देताना त्यांनीच नाक मुरडून साहेबांना सांगितलं होतं, “आजकालच्या पोरी टेबलावर टिकत नाहीत साहेब. आम्हाला काय लेकरं झाली नाहीत?” साहेबांनी लगेच फर्मान काढलं. आस्थापनेचं टेबल माणिकताईंचं, म्हणून परिपत्रकही त्यांनीच लिहिलं: टेबल सोडताना प्रत्येकाने वेळ, नेमके कारण आणि परतीची वेळ लिहून सही करावी. ‘नेमके’ हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला होता.

नोटिशीची पहिली ओळ टाईप झाली. वेदश्रीचं टेबल समोरच होतं. तिला सगळं कळलं असावं. ती मान खाली घालून बसली होती आणि ओढणी छातीशी घट्ट धरून होती. ह्या उन्हात कसली ओढणी पांघरते, माणिकताईंच्या मनात आलं. नोटिशीचा कागद आणायला म्हणून त्या उठल्या आणि दोनच पावलं चालल्या.

“ताई, थांबा.” वेदश्री एकदम त्यांच्या मागे येऊन उभी राहिली, अगदी चिकटून. “चाला, तशाच चाला. मी मागं आहो.”

“काऊन वं? काय झालं?”

“साडीले लागलं आहे. कोणी पाह्यलं नाई. चाला.”

माणिकताईंच्या कानशिलातून वाफ निघाली. वय चोपन्न. आठ महिने काही नव्हतं, वाटलं सुटलो एकदाचे. आणि गेल्या तीन महिन्यांपासून हे असं, कधीही, कितीही. रात्री घामाने उशी भिजायची, दिवसा बाथरूमच्या खेपा. त्याही नोंदवहीत ‘डाक’ म्हणून जायच्या. त्यांच्या खेपा मोजायची कुणाची छाती होती?

वेदश्रीने त्यांना तसंच पाठीमागे राहून रेकॉर्ड रूममध्ये नेलं. शेवटच्या कपाटाआड मोरी होती. वेदश्रीने आपल्या पिशवीतून पॅड काढलं, ओढणी काढली आणि त्यांच्या हातात दिली.

“ही कमरेले बांधा. मी साडीचा तेवढा भाग धुऊन देतो.”

“तू नको धुऊ, मी धुतो.”

“ताई, घरी मी रोज हगलेले लंगोट धुतो. रक्ताचं काय घेऊन बसल्या!”

तेव्हा माणिकताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. ओढणी काढल्यावर तिचा कुर्ता छातीवर दोन्हीकडे भिजलेला दिसत होता. मोरीच्या कठड्यावर झाकणाचा स्टीलचा डबा होता, शेजारी धुतलेला रुमाल. कपाटाच्या आडोशाला एक स्टूल.

“हे होय तुही फाईल?”

वेदश्री खाली पाहू लागली. “तीन तासांवर छातीचा दगड होते ताई. दोनदा ताप आला. सिंदी मेघेले घर आहे, जाऊन-येऊन पाऊण तास लागते, तेवढा वेळ कोण देते? मंग इथंच हातानं काढतो.”

“आणि काढलेलं?”

“ह्या उन्हात टिकते का ते? ओतून देतो.” तिने अकराच्या दुधाचा डबा उचलला आणि मोरीत उपडा केला. पांढरी धार जाळीत गेली. “घरी लेकरू सातूचं पाणी पिऊन राह्यते. सासू म्हणते, दूध तोडून टाक न एकदाचं. नोटीस आली तर तोडतोच आता. नोकरी तरी राहीन.”

माणिकताई त्या जाळीकडे पाहत राहिल्या.

सत्तावीस वर्षांपूर्वी रजा तीन महिन्यांची होती आणि नेमणूक समुद्रपूरला. वर्धेहून निघायचं, जामला गाडी बदलायची. लेक धीरज तेव्हा चौदा आठवड्यांचा. जामच्या फाट्यावर ब्लाउज भिजायचा आणि त्या छातीशी फाईल धरून उभ्या राहायच्या. चहावाले, ट्रकवाले बघायचे. नवव्या दिवशी सासूने जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधली. आठवड्यात सगळं आटलं. धीरज बाटलीवर वाढला, आता पुण्यात असतो, रविवारी फोन करतो, ‘जेवलीस का’ विचारतो आणि ठेवतो. आम्ही नाही केलं का, आम्हाला नाही झाली का लेकरं, असं माणिकताई गेली सत्तावीस वर्षं प्रत्येक बाळंतिणीला ऐकवत आल्या होत्या. पट्टी बांधली त्या रात्री आपण उशीत तोंड खुपसून रडलो होतो, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! सगळ्या ऑफिसला नावं ठेवून झाली होती. आज त्यांना स्वतःइतकं हलकं कुणीच वाटलं नाही.

“तोडू नको,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच खरखरीत आला. “खबरदार तोडलं तं.”

“आणि ताई, तुमचंही दाखवून द्या. ह्या वयात इतकं जाणं बरं नसते. शनिवारी सावंगीच्या दवाखान्यात चाला, मी येतो संग.”

“माह्यं राहू दे.”

“राहू दे कसं? माहं तोडू नको म्हणता आणि तुमचं राहू द्या?”

पोरीला उलट बोलता येतं, हे माणिकताईंना पहिल्यांदाच कळलं. “बरं, शनिवारी,” त्या पुटपुटल्या.

साडी धुऊन झाली, वेदश्रीने दूधही काढून घेतलं, आणि कमरेला ओढणी बांधून माणिकताई बाहेर आल्या त्या थेट दाराजवळच्या स्टुलाकडे, जिथे नोंदवही ठेवलेली असे. पेन काढलं आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘वेळ १.२५. कारण: पाळी जाण्याच्या वयातील रक्तस्राव, साडी धुणे. परत १.५०.’ खाली सही, पूर्ण. मग वेदश्रीला हाक मारली.

“लिही.”

“काय लिहू?”

“जे केलं ते.”

वेदश्रीने पेन घेतलं. ‘दूध काढणे,’ तिने लिहिलं.

शेजारच्या टेबलावरची दिपाली मान उंच करून वाचत होती. ती उठली, पेन मागून घेतलं आणि लिहिलं: ‘उलटी. तिसरा महिना.’ ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.

“माय वं!” माणिकताई म्हणाल्या. “तू पण?”

तीन वाजता रूपराव शिपाई नोंदवही घेऊन साहेबांकडे गेला, कारण ती रोज त्या वेळी न्यायचा नियमच होता. पाच मिनिटांत माणिकताईंना बोलावणं आलं. साहेबांचे कान लाल झाले होते.

“हे काय लिहिलंय? सरकारी दप्तर आहे हे!”

“होय साहेब.”

“असल्या गोष्टी लिहितात का?”

“नेमके कारण लिहावे असं परिपत्रकात आहे साहेब. तुमच्या सहीचं आहे. शब्द माझा आहे, चुकलंच माझं, पण आता आहे.”

“खोडा ते.”

“नोंदवहीत खाडाखोड केली तर ऑडिटला उत्तर द्यावं लागतं. कोण देणार, तुम्ही का मी?”

साहेबांनी पुन्हा पानाकडे पाहिलं आणि घाईने नजर काढून घेतली, जणू ते पानच उघडं पडलं होतं. ह्याला कुणी जन्म दिला की हा परीक्षा देऊनच जगात आला, असं माणिकताईंच्या जिभेवर आलं होतं. पण त्यांनी ते गिळलं.

“नोटीस?” त्यांनी विचारलं. “खोट्या नोंदीबद्दल होती. त्या कोणत्या फाईलबद्दल होत्या ते आता नोंदवहीतच आलंय. काढू का?”

“राहू द्या.”

“आणि तिची चारची वेळ?”

“जाऊ दे ना तिला!” साहेब जवळजवळ ओरडलेच. “आणि ती वही उद्यापासून ठेवू नका. कपाटात टाका.”

“तसं लेखी द्याल का?”

साहेबांनी दिलं.

चारला पाच कमी असताना माणिकताईंनी आपली खुर्ची उचलली. तिची गादी त्यांनीच धुतली होती, अजून ओलसर होती. रेकॉर्ड रूमच्या दारासमोर ती ठेवून, मांडीवर एक फाईल उघडून त्या बसल्या. दोन बाबू आले, त्यांना नुसतं पाहिलं. ते परत फिरले. मग साहेब मीटिंगला म्हणून तिथून गेले. तीस वर्षांत कुठलाही साहेब समोरून गेला तर माणिकताई उठल्या नाहीत असं झालं नव्हतं. आज त्या बसून राहिल्या. साहेब भिंतीकडे बघत निघून गेले.

वेदश्री बाहेर आली. हातात डबा होता.

“ओततो, आलीच,” ती म्हणाली.

“आण इकडं.” माणिकताईंनी डबा तिच्या हातातून घेतला. एक कोरी चिठ्ठी काढली, लिहिलं: ‘दूध. वेदश्री यांचे. उघडू नये.’ तारीख घातली, सही केली, गोंदाने झाकणावर चिकटवली. “रूपराव, हा साहेबांच्या फ्रीजमंदी ठेवजो. पाचले तिले काढून देजो.”

रूपरावने कानावरची बिडी खिशात टाकली, हात सदऱ्याला पुसले आणि डबा दोन्ही हातांत धरून, देवाचं ताट न्यावं तसा केबिनकडे गेला.

वेदश्री तिथेच उभी होती.

“जा, काम कर,” माणिकताई म्हणाल्या.

ती गेली. डबाही गेला होता, पण माणिकताईंचा तळहात अजून कोमट होता. त्यांनी तो पदराला पुसला नाही, मांडीवर तसाच उताणा ठेवला.