नारळ हातातच राहिला

आमचा प्रभाग बाईसाठी राखीव झाला, तेव्हा उभी कोण राहणार हे रोडपाली गावात कोणाला विचारावंसुद्धा लागलं नाही. मीच. नळावरची भांडणं मी सोडवते, नवऱ्यानं टाकलेल्या पोरी माझ्याच ओटीवर येतात, आणि माझा शब्द आजवर खोटा पडलेला नाही. नारळावर हात ठेवून मी बोलले की विषय संपला. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा चारचौघांत मी डोळ्याला पदर लावला नाही.

पण पक्षाची माणसं पनवेलहून आली, माझ्या हातचा चहा प्याली आणि तिकीट माझ्या सुनेला देऊन गेली. चारुता बी.कॉम. मी दुसरी पास. मुलगा रूपेश म्हणाला, "आय, घरातच हाय ना गं?" भाकरीही घरातच असते. म्हणून ती माझ्या ताटात पडली असं होत नाही.

प्रचार म्हणजे दारोदार ओवाळून घेणं. प्रत्येक दारात बाई तबक घेऊन उभी. कुंकवावर कुंकू, तांदळावर तांदूळ. दुपारपर्यंत चारुताचं कपाळ लालभडक. मी विधवा. तबक माझ्यासमोरून सरळ पुढे जायचं. तिची पाण्याची बाटली माझ्या हातात, आणि ती आत म्हाताऱ्यांच्या पाया पडायला गेली की दारात तिच्या चपलांची राखण. जळत होते मी, खोटं कशाला सांगू? ओलं लाकूड जळतं ना, जाळ थोडा आणि धूर फार, तशी.

त्यातच गावात कुजबुज पसरली, चारुता डोक्याच्या गोळ्या खाते. खाते. तिचं दुसरं मूल पोटातच गेलं, तेव्हापासून गर्दीत तिला श्वास पुरत नाही. हे आम्हा घरच्यांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हतं, कसं फुटलं देव जाणे.

रूपेशचं तोंड उतरलं. "वेडी म्हनतील गं तिला. सीट गेली." संध्याकाळी देवळापुढे सभा होती. त्यानं मला बाजूला घेतलं. "आय, गावात तुजाच शब्द चालतो. नारळावर हात ठेव आनि सांग, सगलं खोटं हाय."

मी नारळ घेतला. सीटसाठी नाही, सुनेसाठी तर नाहीच. एवढ्या प्रचारात पहिल्यांदा माईक माझ्याकडे येणार होता.

समोरच्या पक्षाची माधुरी मुद्दाम पुढच्या रांगेत येऊन बसली होती. बसल्या जागेवरूनच तिनं विचारलं, "काय गं चारुता, डोक्याचं औषद चालू हाय म्हनं तुजं? खरं का?"

मी नारळ घेऊन उठले. पदर नीट केला. पदर नीट करण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात आमची ही बया माईक घेऊन उभी राहिली.

"खरं आहे," ती म्हणाली. "पोटातलं बाळ गेलं तेव्हापासून घेते. आत्तासुद्धा भीती वाटतेय. हे बघा." तिनं हात पुढे केला. माईक थरथरत होता, कर्ण्यातून खरखर ऐकू येत होती.

रूपेश डोकं धरून खाली बसला. आणि मी नारळ घेऊन उभी, मुंडावळ्या बांधल्यात आणि नवरी आलीच नाही अशा नवऱ्यासारखी.

कोणी टाळी वाजवली नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "त्ये असूंदे बाय. पान्याचं काय?"

"मला नाही माहीत," चारुता म्हणाली. "विचारून सांगते."

अशानं मतं मिळतात कुठे! मी असते तर टाकी, पाईप, सगळं एका दमात बोलून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवसापासून तबकं तीच, पण ओवाळून झालं की बायका तिला हाताला धरून थेट स्वयंपाकघरात न्यायच्या. दार लोटून घ्यायच्या. आतून कधी मुसमुसणं ऐकू यायचं, कधी हसणं. माझी जाऊ कुमुद, भिंतीला भिंत लागून आमची घरं. तीही हिला आत घेऊन बसली आणि डोळे पुसत बाहेर आली. जन्मभर ती मला फक्त मासळीचा भाव सांगत आलीय.

वाटेत मी चारुताला विचारलं, "काय सांगत होती कुमुद?"

"ते त्यांचं आहे, आई."

तोंडावर म्हणाली.

निवडणूक आम्ही हरलो. हरलेल्याच्या ओटीवर कुत्रंही फिरकत नाही, हे मी पुष्कळ पाहिलंय. मला आतून जरा बरंच वाटलं. आता गाव परत माझ्याकडे येईल.

थोड्याच दिवसांत दारात उभी कोण, तर माधुरी. तोरा गेलेला, नजर खाली.

"आय, चारुता हाय का घरात?"

"काय काम हाय? मला सांग."

"तिच्याशीच बोलायचंय जरा."

"नाय घरात," मी म्हटलं.

आतून भांड्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ चारुताचा, "आई, कोण आलंय?"

माधुरी माझ्याकडे बघत राहिली. हसली असती तर परवडलं असतं.

"तुजंच मानूस," मी आत ओरडले आणि दारातून बाजूला झाले.

माधुरीनं घाईत चपला काढल्या. एक पायरीवर पडली, एक उलटी. मी बघितलं. सरळ केली नाही.